हिरवा दिवा चालू होता

१

धुलाईच्या खोलीचं लोखंडी दार आतून कोणी उघडेना, तेव्हा बाहेरच्यांनी पहार लावली.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत. त्यांच्यावरचं ग्रीस काढायला कोपऱ्यात एक बंदिस्त खोली होती आणि खोलीत रसायनाची टाकी. दार निघालं तसा उग्र, गोडसर वास बाहेर आला. सोपानराव टाकीशेजारी पालथे पडले होते. हवा बाहेर खेचणाऱ्या पंख्याचा पट्टा तुटला होता आणि वाफ जमिनीलगत साचत गेली होती.

नेमकं हेच टाळण्यासाठी त्याच सकाळी त्या खोलीत एका नव्या यंत्राचं उद्घाटन झालं होतं. पांढरा प्लास्टिकचा डबा, आत वायफायवर चालणारा एक छोटा बोर्ड. वाफ वाढली की बोर्डाने स्वतः बझर वाजवायचा आणि सुपरवायझरच्या फोनवर इशारा पाठवायचा. यातलं काहीच झालं नाही. फोन गप्प होते, बझर गप्प होता. सोपानरावांना उचलून नेताना एकाने वाकून पाहिलं. टाकीच्या मागे डब्यावरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. सगळं ठीक आहे, असं सांगत.

सोपानराव वाचले. पण हातांची थरथर आणि डोक्यातला गोंधळ कायमचा मागे राहिला.

दोष कोणाचा, हे दोन दिवसांत ठरलं. बोर्डाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक खोट होती. वायफाय तुटलं की बोर्ड ते परत जोडण्याच्या नादात अडकून बसे आणि वाफेकडे बघायचंच सोडून देई. सार्थक या तरुण इंजिनिअरने ही खोट शोधून नवा प्रोग्रॅम लिहिला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो बोर्डात टाकून आपल्या हाताने डबा बसवल्याचं त्याने सांगितलं होतं. अपघातानंतर डबा उघडला तेव्हा बोर्डात जुनाच प्रोग्रॅम निघाला.

सार्थकने आधी नाही म्हटलं. मग चार दिवसांनी सगळ्यांसमोर उभा राहून तो म्हणाला, "माझीच चूक. मी टाकायला विसरलो असणार." आणि नोकरी सोडून राजगुरुनगरला घरी निघून गेला.

प्रकरण मिटलं. पाच महिन्यांनी चारुलता देशमुख आल्या नसत्या, तर मिटलेलंच राहिलं असतं.

२

चारुलताबाईंनी उभं आयुष्य यंत्रांच्या तपासणीत घालवलं होतं. आता त्या रहाटणीला राहत, गुडघ्यांच्या तक्रारी करत आणि फारसं कुठे जात नसत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मधुसूदनने भोसरीत एक गाळा घेऊन हे डबे बनवायला सुरुवात केली होती. चाकणचा कारखाना आणखी एक संधी द्यायला तयार होता, मात्र बाहेरच्या कोणी तपासून अपघाताचं कारण लेखी द्यायला हवं होतं.

"मॅडम, कारण सगळ्यांना माहीत आहे," मधुसूदन म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. "तुमची सही झाली की झालं. नाहीतर हा गाळा मला बंद करावा लागेल."

"सही मी बघितल्याशिवाय करत नाही, हे तुला माहीत आहे. तो डबा आण."

कारखान्याने परत दिलेला डबा जसाच्या तसा ठेवला होता. झाकणावर कंपनीच्या नावाची चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी होती. झाकण काढून बाईंनी बोर्ड बाहेर काढला आणि टेबलावरची वायर लावून लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपला बोर्ड दिसेचना.

"अपघातानंतर कधीतरी उडाला असेल," ओजस म्हणाला. सार्थक गेल्यावर त्याची जागा ओजसला मिळाली होती. "मी मागच्या आठवड्यात लावून बघितला, तेव्हाही मेलेलाच होता."

"ही वायर कुठली?"

"फोनची असेल कोणाच्या तरी."

बाईंनी पर्समधून स्वतःची वायर काढून लावली. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरं धावली. जुना प्रोग्रॅम. बोर्ड ठणठणीत होता.

"तुझी वायर नुसती चार्जिंगची आहे, ओजस. तिच्यातून वीज जाते, माहिती जात नाही. जिवंत बोर्डाला तू आठवडाभर मेलेला म्हणत होतास."

ओजसचे कान लाल झाले. मधुसूदन हसला नाही. बाईही हसल्या नाहीत. वायर गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "अपघातानंतर या बोर्डातला प्रोग्रॅम पहिल्यांदा कोणी वाचला?"

"मीच," ओजस म्हणाला.

"सोबत कोण होतं?"

ओजसने मधुसूदनकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "कोणीच नाही."

३

"म्हणजे तुम्हाला म्हणायचंय, मी मागाहून जुना प्रोग्रॅम टाकला?" मधुसूदन बाहेर गेला आणि दार बंद झाल्यावर ओजसचा आवाज चढला. "सार्थक्याला अडकवायला? हो, आमचं पटत नव्हतं. प्रत्येक गोष्टीत स्वतःच बरोबर असायचा तो. पण उद्घाटनाच्या दिवशी मी बेंगळुरूला होतो, मॅडम. रात्री परत आलो, दुसऱ्या दिवशी डबा हातात मिळाला."

"मी तुला काही म्हटलं का?"

"म्हणाल ना. सगळेच म्हणतील."

"नाही म्हणणार," बाई शांतपणे म्हणाल्या. "सार्थकचा नवा प्रोग्रॅम वायफाय तुटलं तर काय करतो?"

"बझर वाजवतो. दोन टिकटिक, मग थोडं थांबून परत दोन. आणि वाफेवर नजर ठेवतोच."

"दार फोडलं तेव्हा बझर वाजत नव्हता. वाफेने खोली भरलेली असूनही. म्हणजे अपघाताच्या वेळीच आत जुना प्रोग्रॅम होता. तू वाचायच्या आधीपासून. तू सुटलास."

ओजस खुर्चीत मागे रेलला. कोणी विचारलं नसताना तो म्हणाला, "त्याला मी एकदाही फोन केला नाही. करायला हवा होता."

ओजसनंतर बाईंनी अनुयाला बोलावलं. ती बोर्डाची जोडणी करायची. राखीव बोर्ड, सुटे भाग, सगळं तिच्याच ताब्यात असे. ती आणि सार्थक एकाच दिवशी कामाला लागले होते. बाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ती देत होती. फक्त जरा जास्तच लवकर देत होती.

"डबा सार्थकने एकट्याने बसवला?"

"हो. आदल्या दिवशी. मग तो बहिणीच्या, जयमालाच्या साखरपुड्यासाठी गावी गेला. उद्घाटनाला नव्हता."

"तू होतीस?"

"होते, पण दारातच. आत गेले नाही मी. साडी नेसले होते आणि आत सगळं ओलं."

"वाफ जड असते म्हणून डबा खाली बसवला असेल ना?"

"हो ना, अगदी जमिनीलगत, टाकीच्या मागे. गुडघे टेकल्याशिवाय झाकणाचे स्क्रूसुद्धा दिसत नाहीत."

बाईंनी मान डोलावली. "सार्थक कसा मुलगा होता गं?"

अनुयाने पहिल्यांदाच उत्तर द्यायला वेळ लावला. "चांगला," ती म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले.

४

दुसऱ्या दिवशी चारुलताबाई चाकणला गेल्या. खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी आत पाहिलं. टाकी दिसत होती, पंखा दिसत होता. डब्याची जागा दिसत नव्हती. दोन पावलं आत गेल्या, तरी दिसली नाही. शेवटी दुखऱ्या गुडघ्यांना बोल लावत त्या खाली बसल्या, तेव्हा टाकीमागे भिंतीवर डबा बसवल्याच्या खुणा दिसल्या.

तिथून त्या सोपानरावांच्या घरी गेल्या. सोपानराव ओसरीत खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता आणि पेल्यातलं पाणी सारखं हिंदकळत होतं.

"या ताई. बसा," ते म्हणाले. "माझं आता आसं हाय. येक गोष्ट धरावी तं दुसरी निसटती."

"त्या दिवसाचं काही आठवतं?"

"पडल्यालं न्हाई आठवत. सकाळचं आठवतंय थोडं. फुलं आली हुती. मी टाकी भराया पैल्यांदा गेलो." त्यांनी पेला खाली ठेवला. "त्या पोराची काय चूक न्हवती म्हना. इसरतं मानूस. त्यो आन त्याचा बाप दोघंबी आलं हुतं हितं. बाप माझ्या पाया पडाया लागला. मला लई वंगाळ वाटलं."

"सकाळी टाकी भरायला गेलात, तेव्हा खोलीत काही वेगळं होतं?"

सोपानराव बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. बाईंना वाटलं, प्रश्न विसरले.

"चिमणी हुती," ते अचानक म्हणाले.

"चिमणी?"

"दार लावलं की वरडायची. दार उघडलं का गप. मी लई शोधली. टाकीच्या मागं कुठंतरी अडाकली आसंल म्हनलं." त्यांनी थरथरत्या बोटाने खुर्चीच्या हातावर वाजवून दाखवलं. टिक-टिक. मग थांबले. टिक-टिक. "नंतर मानसं जमली, तवा न्हवती. उडाली आसंल."



५

भोसरीच्या गाळ्यात बाईंनी तिघांना टेबलाभोवती बसवलं. राखीव बोर्डात सार्थकचा नवा प्रोग्रॅम ओजसकडून टाकून घेतला, या वेळी योग्य वायरने. बोर्ड वायफायला जोडला गेला, दिवा हिरवा झाला.

"आता हा याच डब्यात ठेव आणि झाकण लाव."

ओजसने झाकण लावलं. दिवा हिरवाच राहिला.

"वायफायचं यंत्र इथे शेजारीच आहे. कारखान्यात ते बाहेरच्या ऑफिसात होतं आणि मध्ये लोखंडी दार. डबा घेऊन त्या मागच्या लोखंडी कपाटापाशी जा. त्याच्या आडोशाला जमिनीवर ठेव."

ओजस गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कपाटाआडून बारीक, तीक्ष्ण आवाज आला. टिक-टिक. थोडं थांबून परत टिक-टिक.

"झाकण काढ."

आवाज थांबला.

"लाव."

टिक-टिक.

"आता झाकणावरची ती पट्टी उचकट आणि नुसतं झाकण लाव."

ॲल्युमिनियमची पट्टी करकरत निघाली. ओजसने झाकण लावलं. आवाज आला नाही. ओजस कपाटाआडून बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बोर्डाच्या कडेला नागमोडी तांब्याची रेघ असते, तो त्याचा अँटेना," बाई म्हणाल्या. "त्याच्या तोंडावर धातूचा पत्रा आला की वायफाय नीट पोचत नाही, तोंड दाबल्यावर आवाज कोंडतो तसं. सार्थकने डबा बसवून तपासला तेव्हा ही पट्टी नव्हती. कोणी लावली?"

मधुसूदन टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा होता.

"मी," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी. पट्ट्या नुकत्याच आल्या होत्या. पाहुणे फोटो काढतील, नाव दिसावं म्हणून…" मग एकदम म्हणाला, "अपघातानंतर झाकण लावून एकदाही तपासलं नाही आम्ही. जुना प्रोग्रॅम सापडला आणि पुढे बघायचंच सोडलं."

"तरी एक गोष्ट राहते," बाई म्हणाल्या. "सोपानरावांनी त्या सकाळी हाच आवाज ऐकला. दार बंद केलं की. त्यांना चिमणी वाटली. जुना प्रोग्रॅम असा आवाज करूच शकत नाही. म्हणजे सकाळी डब्यात नव्या प्रोग्रॅमचा बोर्ड होता. सार्थक विसरला नव्हता. आणि दुपारी अपघात झाला तेव्हा आत जुन्या प्रोग्रॅमचा बोर्ड होता. मधल्या वेळात कोणीतरी तो बदलला."

"सार्थक गावी होता. ओजस बेंगळुरूला. मधुसूदनला राखीव बोर्ड कुठल्या खणात असतात हेसुद्धा माहीत नाही." बाईंचा आवाज खाली आला. "अनुया, दारात उभं राहिलं तर तो डबा दिसतच नाही. स्क्रू तर लांबच. गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाहीत, हे तूच मला सांगितलंस."

६

अनुया रडली नाही. जणू पाच महिने कोणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होती, तशी सलग बोलली.

"मी सगळ्यांच्या आधी पोचले, फुलं घेऊन. आत जाऊन दार लोटलं, तर तो वाजायला लागला. झाकण काढलं की थांबायचा, लावलं की परत. मला वाटलं, बोर्डात कुठेतरी जोड सैल आहे. माझी जोडणी. सर पाहुण्यांना घेऊन निघालेच होते. बॅगेत राखीव बोर्ड होता, तो घातला. हिरवा दिवा लागला. झाकण लावलं, आवाज नाही. तोवर दार मी उघडलेलं होतं, ते लक्षातच आलं नाही. मी देवाचे आभार मानले."

"त्यात जुना प्रोग्रॅम आहे, हे माहीत नव्हतं?"

"डोक्यातच आलं नाही. जुना प्रोग्रॅम एकदा दिवा लावला की विझवतच नाही, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी दिवा हिरवा झाला एवढंच दिसलं मला."

"आणि काढलेला बोर्ड?"

"घरी आहे. मारुंजीला. नीट चालतो. काहीच बिघडलेलं नाही त्यात."

मधुसूदनने विचारलं, "बोलली का नाहीस?"

"ओजसने जुना प्रोग्रॅम सापडला म्हणून सांगितलं, तेव्हाच कळलं मला. म्हटलं, आज सांगते. तो दिवस गेला. मग म्हटलं, सार्थक नाहीच म्हणतोय, कोणीतरी शोधेल. आणि मग त्याने चूक कबूलच केली." अनुयाने मान वर केली. "मॅडम, मला तेच कळत नाही. न केलेलं त्याने कबूल का केलं?"

चारुलताबाईंनाही ते कळलेलं नव्हतं.

७

राजगुरुनगरला सार्थकचं घर गावाबाहेर होतं. तो अंगणात मोटारीचा पंप खोलून बसला होता. दाढी वाढलेली, हात काळे. बाई, मधुसूदन आणि अनुया, तिघांना बघून तो उठला, आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"सोपानरावांना काही झालं का?"

"नाही रे. बस," बाई म्हणाल्या.

अनुया बसली नाही. उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं. पट्टीचं मधुसूदनने स्वतः सांगितलं. घरातून सार्थकचे वडील, नानासाहेब, बाहेर आले आणि उंबऱ्याशीच थांबून ऐकू लागले.

सार्थकने कापडाने हात पुसले. पुसतच राहिला.

"म्हणजे तो ओरडत होता," तो म्हणाला.

"हो," अनुया म्हणाली. "मी त्याला गप्प केलं."

"मी टाकला होता प्रोग्रॅम." हे तो कोणाला सांगत होता कळत नव्हतं. "सुरुवातीला पक्कं आठवायचं. बटण दाबलं, शंभर टक्के झालं, मग वायर काढली. पुढे पुढे, मी ते न करताच डबा उचलला, असंच आठवायला लागलं. अजून रात्री तेच दिसतं."

"परत ये," मधुसूदन म्हणाला. "मी कारखान्याला सगळं खरं लिहून देतो. गाळा राहिला तर तुझ्या हाताखाली चालेल."

सार्थकने मान हलवली. "सर, मला आता बोर्डाला हात लावला की घाम फुटतो. रागावून नाही म्हणत." मग अनुयाकडे वळून म्हणाला, "सोपानरावांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"तुलाच सांगावं लागेल. मी येतो सोबत. ते काही बोलणार नाहीत. ते जास्त अवघड जातं."

अनुयाने चेहरा ओंजळीत धरला. इतका वेळ थोपवलेलं रडू आता आलं. सार्थक तिच्याजवळ गेला नाही. तिच्याकडे पाठ फिरवूनही उभा राहिला नाही.

मधुसूदन आणि बाई गाडीकडे निघाले, तेव्हा नानासाहेबांचा आवाज आला. ते उंबरा उतरून अंगणात आले होते.

"बाई, ह्याला घिऊन मीच गेलो हुतो त्या मानसाच्या पाया पडाया. मीच म्हनलं ह्याला, मानूस मरता मरता वाचलाय, आता वकिली करू नगं. समद्यांम्होरं हुबा ऱ्हा आन कबूल हो. आपल्या घरात खोटं बोलत न्हाईत." त्यांनी गळ्यातला टॉवेल ओढून हातात घेतला. मग मुलाकडे वळले. "मंग तवाच मला का न्हाई सांगितलंस रं, का नाना, म्या काम केलं हुतं म्हनून?"

चारुलताबाईंना वाटलं, आता सार्थक खोटं बोलेल. वडिलांसाठी.

"सांगितलं होतं, नाना," तो म्हणाला. "दोनदा."

नानासाहेबांनी टॉवेलाची घडी घातली, परत मोडली.

"व्हय," ते म्हणाले. "सांगितलं हुतंस."